पहिला मणका मोडतो, तेव्हाच जागे व्हा

आपल्या वस्त्यांमध्ये साठी ओलांडलेल्या बाईची पाठ वाकली तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. घरातली माणसे म्हणतात, वय झाले. शेजारीण म्हणते, माझ्या सासूबाईंचेही असेच झाले होते. आणि ती बाई स्वतः म्हणते, आता किती दिवस राहिले माझे, कशाला दवाखान्याचा खर्च करता? एवढे बोलून विषय संपतो. हात मोडला तर आपण रात्री बारा वाजता रिक्षा करून दवाखाना गाठतो. पाठीचा मणका मोडला तर मात्र बाम चोळून निजतो. मणकासुद्धा मोडतो, मोठी पडझड न होताही मोडू शकतो, आणि एक मोडला की दुसरा मोडण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. ती घराघरात पोहोचावी म्हणून हा लेखनप्रपंच.

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन एका कार्यालयात कारकुनी करते आणि सुट्टीच्या दिवशी महिला मंडळाचे काम पाहते. या दुखण्याची ओळख मला माझ्या आईमुळे झाली. आई आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. तिचे तारुण्य मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेले. 1972 च्या दुष्काळात तिने सरकारी कामावर खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. पाच बाळंतपणे झाली. दूध आमच्या घरी चहापुरते येई आणि तेही मुलांच्या कपात संपे.

2022 च्या ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी ती मंडळाच्या बायकांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. परतताना एस.टी.त शेवटच्या बाकावर जागा मिळाली. गाडी एका गतिरोधकावरून उडाली आणि आई बाकावर आपटली. "पाठीत कट्कन वाजलं बाई," असे घरी आल्यावर म्हणाली. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे झाला. "मणक्यात गॅप आहे, वयानुसार होतं," असे सांगून वेदनाशामक गोळ्या, मलम आणि कमरेचा पट्टा मिळाला. दीड महिन्यात दुखणे ओसरले आणि आई पुन्हा घरकामाला लागली.

2023 च्या मे महिन्यात पाण्याचा हंडा उचलायला ती वाकली आणि तशीच खाली बसली. या वेळी तिला सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या अस्थिरोग विभागातील तरुण डॉक्टरबाईंनी जुना आणि नवा असे दोन्ही एक्स-रे उजेडासमोर शेजारी शेजारी धरले. ऑक्टोबरात ज्याला गॅप म्हटले होते तो चेपलेला, म्हणजे मोडलेला मणका होता. आता त्याच्या खालचाही चेपला होता. आणि वर, छातीच्या मागच्या भागात, आणखी एक जुना मोडलेला मणका दिसत होता. तो कधी मोडला हे आईलाही सांगता येईना. डॉक्टरबाईंनी विचारले, "आजी, पहिला मणका मोडला तेव्हा हाडं मजबूत करायचं औषध कोणी सुरू केलं होतं का?" आई म्हणाली, "मोडला म्हनूनच कुनी सांगितलं न्हाई, तर औशिद कुठलं?"

सारे दुखणे आईच्या या एका वाक्यात आहे. मणका मोडला असे कोणी सांगत नाही, म्हणून औषध सुरू होत नाही, आणि औषध नाही म्हणून दुसरा मणका मोडतो.

हाड म्हणजे एकदा कापून बसवलेले लाकूड नव्हे. शरीर रोज थोडे जुने हाड काढून टाकते आणि त्या जागी नवे भरते. माझ्या कारकुनी भाषेत हे जमाखर्चाचे खाते आहे. साधारण तिशीपर्यंत जमा जास्त असते. पुढे हळूहळू खर्च वाढतो. मासिक पाळी थांबली की स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि पुढची काही वर्षे हा खर्च फार वेगाने होतो. ज्या मुलीच्या खात्यात तिशीपर्यंत मुळातच कमी जमा झाले, तिची शिल्लक लवकर संपते. मग हाड आतून विरळ होते. याला ऑस्टिओपोरोसिस किंवा अस्थिसुषिरता म्हणतात. आपण हाडे ठिसूळ होणे म्हणू.

मणक्याचा आतला भाग जाळीदार असतो. ती जाळी विरळ झाली की मणका काठीसारखा दोन तुकड्यांत मोडत नाही. पत्र्याचा रिकामा डबा पायाखाली चेपावा तसा तो चेपतो, आणि बहुधा पुढच्या बाजूने जास्त चेपतो. म्हणून बाई पुढे झुकते, तिची उंची कमी होते. असे मोडलेले जे मणके असतात त्यांपैकी साधारण एक तृतीयांशच डॉक्टरांच्या नजरेस येतात. बाकीचे कंबरदुखी, गॅप, वात किंवा म्हातारपण या नावांखाली दडून राहतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. अमेरिकेत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळी गेलेल्या 2,725 स्त्रियांची माहिती तपासली होती. ज्यांचा मणका नव्याने मोडला, त्यांच्यापैकी दर पाच जणींमागे जवळजवळ एकीचा आणखी एक मणका पुढच्या एका वर्षातच मोडला. पाचात एक, आणि तेही वर्षभरात! आईचा दुसरा मणका सातव्या महिन्यात मोडला, तो या हिशेबात बरोबर बसतो. ज्या बाईचा एक मणका मोडलेला आहे तिचा दुसरा मोडण्याचा धोका, एकही न मोडलेल्या बाईच्या मानाने, चार ते पाच पट असतो. खुब्याचे हाड मोडण्याचा धोकाही सुमारे दुप्पट होतो. मोडलेले मणके जितके अधिक आणि ते जितके अधिक चेपलेले, तितका पुढचा धोका मोठा.

असे का होते? एक कारण उघड आहे. ज्या रोगाने पहिला मणका कमजोर केला तोच रोग शेजारच्या मणक्यांतही असतो. दुसरे कारण वजनाचे आहे. पाठ सरळ असते तेव्हा डोक्याचे आणि धडाचे वजन मणक्यांवर सरळ खाली उतरते. एक मणका पुढून चेपला की ते वजन पुढे सरकते आणि वरच्या-खालच्या मणक्यांच्या पुढच्या कडेवर पडते. पाठीचे स्नायू बाईला सरळ धरून ठेवण्यासाठी सतत ताणलेले राहतात, थकतात आणि दुबळे होतात. त्यात दुखते म्हणून ती अंथरुण धरते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे हाड आणि स्नायू दोन्ही आणखी झिजतात. म्हणून दुखणे तीव्र असेल तेवढे दिवस विश्रांती घ्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर चालते-फिरते व्हावे. पट्टासुद्धा सांगितला असेल तेवढ्याच मुदतीपुरता बांधावा.

त्या डॉक्टरबाईंनी आईला एकामागून एक प्रश्न विचारले. तेच प्रश्न मी आता आमच्या मंडळातल्या बायकांना विचारते.

पहिला प्रश्न, पाळी कोणत्या वयात गेली? पंचेचाळिशीच्या आत गेली असेल तर हाडांचा खर्च तितकी वर्षे आधी सुरू झाला. गर्भपिशवीच्या ऑपरेशनबरोबर अंडाशयेही काढली असतील तर तो एका दिवसात सुरू होतो. इथे आपल्या कष्टकरी भगिनींचा प्रश्न उभा राहतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे 82 हजार महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत ऐन तिशी-चाळिशीतल्या बायका होत्या. ऊस तोडणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन गाडीत चढवणे हे काम त्या पुढेही करत राहतात. त्यांच्या पाठीचा हिशेब आणखी वीस वर्षांनी कोण मांडणार?

दुसरा प्रश्न खाण्याचा आणि वजनाचा. अंगाने फार बारीक असलेल्या बाईची हाडे ठिसूळ होण्याचा धोका जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्न गटातील तीस ते साठ वयाच्या 289 स्त्रियांच्या हाडांची घनता तपासली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विकसित देशांतील स्त्रियांच्या मानाने या स्त्रियांची हाडे कितीतरी विरळ आढळली आणि त्याचा संबंध त्यांच्या अपुऱ्या पोषणाशी होता. म्हणजे हा केवळ म्हातारपणाचा रोग नाही. तो गरिबीचा, सर्वांचे जेवून झाल्यावर उरलेले खाण्याचा, लवकर झालेल्या लग्नाचा आणि वर्षानुवर्षांच्या उपासमारीचाही रोग आहे.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला सुमारे 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध-दही परवडत नसेल तर नाचणीची भाकरी, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, काट्यांसकट खाल्लेली छोटी सुकी मासळी यांतून पुष्कळ मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हाने तयार होते. दिवसभर चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्या म्हातारीला ते मिळत नाही. डाळ, अंडी, मासे यांतून प्रथिनेही हवीत, कारण स्नायू त्यांच्यावरच तग धरतात. पानाला किंवा तंबाखूला लावलेल्या चुन्याने हाडे मजबूत होतात, ही समजूत मात्र सोडून द्यावी.

तिसरा प्रश्न, कोणती औषधे चालू आहेत? स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ चालल्या तर हाडे झपाट्याने विरळ होतात. दमा, संधिवात अशा आजारांत त्या आवश्यक असतात, त्या मनाने एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. पण डॉक्टरांना विचारावे, हाडांसाठी काही देताय का? भीती आहे ती बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांची. एका पुडीत गुडघे मोकळे होतात, भूक लागते, तोंड गोल दिसू लागते. अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. मिरगीच्या काही औषधांनी आणि वर्षानुवर्षे घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही धोका वाढतो. झोपेच्या गोळ्यांनी तोल जाऊन बाई पडते, ते वेगळेच.

चौथा प्रश्न आजारांचा. सांधे सुजणारा संधिवात, मधुमेह, वाढलेले थायरॉइड, किडनीचा जुना विकार यांमुळे हाडे कमजोर होतात. आई किंवा वडील यांचा खुबा मोडला होता काय, हेही सांगावे, कारण काही भाग वारशाने येतो.

पाचवा प्रश्न व्यसनाचा, आणि येथे पुरुषांनीही कान द्यावा. हा रोग बायकांत जास्त असला तरी पुरुषांचेही मणके मोडतात. विडी-सिगारेटने हाड झिजते. रोजच्या दारूने हाड झिजते, खाणे तुटते, तोल जातो आणि माणूस पडतो, असा चारही बाजूंनी मार बसतो. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते पाळले तर पाठीचा कणाही सांभाळला जातो. मिश्रीची सवय असलेल्या आयाबायांना माझे एवढेच सांगणे की, मिश्रीने भूक मरते, आणि आपल्या म्हाताऱ्या बायकांना भूक मारून घेणे परवडणारे नाही.

सहावा प्रश्न, गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात? मोतीबिंदू पिकला आहे का? उठताना चक्कर येते का? ओली मोरी, उंबरठा, सुटलेली फरशी, घासलेल्या तळव्याची चप्पल, रात्री अंधारात संडासला जाणे, यांतली प्रत्येक गोष्ट पुढच्या मोडीला आमंत्रण आहे. मोरीत एक लोखंडी दांडा बसवायला आणि रात्री एक छोटा दिवा जळत ठेवायला फार पैसे लागत नाहीत.

पण पाठीचा मणका मोडायला पडावेच लागते असे नाही. कमरेत वाकून ओझे उचलणे हे त्याचे मोठे निमित्त आहे. हंडा, सिलिंडर, नातवंड, धुण्याची बादली, काहीही असो, ज्याचा एक मणका मोडलेला आहे त्याने ते कमरेत वाकून उचलू नये. हलकी वस्तू गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, अंगाजवळ धरून उचलावी. जड वस्तू दुसऱ्या कोणी उचलावी. एस.टी.त मागच्या बाकावर बसू नये, पुढे जागा मागून घ्यावी. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर म्हाताऱ्या बायकांना घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट ध्यानात धरावी.

व्यायामाचेही तसेच आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने 1984 साली हाडे ठिसूळ झालेल्या 59 स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पुढे वाकण्याचे व्यायाम करत होत्या त्यांच्यापैकी 89 टक्के जणींचे मणके पुढे आणखी चेपले. ज्या पाठ मागे ताणण्याचे, पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम करत होत्या त्यांच्यात हे प्रमाण 16 टक्के होते. अभ्यास लहान होता, पण त्यातला धडा मोठा आहे. सरसकट सगळ्यांना पायाचे अंगठे धरायला लावणाऱ्या शिबिरात मणका मोडलेल्या बाईने वाकू नये. तिने चालावे आणि फिजिओथेरपीच्या जाणकाराकडून पाठ सरळ ठेवण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत.

यावरून घरात एक नाजूक प्रश्न निघाला. आई रोज सकाळी वंदनेच्या वेळी गुडघे टेकून, जमिनीला कपाळ लावून तीनदा प्रणाम करते. ते सोडायला ती तयार नव्हती. "बाबासायबांच्या अन् बुद्धाच्या पायाशी वाकू नको म्हनता का?" असे म्हणून रुसून बसली. मी ही गोष्ट आमच्या विहारातील भन्तेजींच्या कानावर घातली. ते घरी आले. त्यांनी आईला सांगितले की, तथागतांचीही पाठ दुखत असे. कपिलवस्तूत शाक्यांच्या नव्या सभागृहात धम्मोपदेश चालू असता त्यांची पाठ दुखू लागली, तेव्हा त्यांनी आनंदाला पुढे बोलायला सांगितले आणि स्वतः आडवे झाले. मज्झिम निकायातील सेख सुत्तात ही हकिगत आहे. भन्तेजी म्हणाले, "आई, बुद्धांनी आपल्या दुखऱ्या पाठीला विसावा दिला, मग तुम्ही का देऊ नये? खुर्चीवर बसून हात जोडा." तेव्हापासून आई खुर्चीवर बसून वंदना घेते. आमच्या विहारात आता मागच्या भिंतीला टेकून काही खुर्च्या ठेवलेल्या असतात.

आता औषधाविषयी. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हा पाया आहे, पण मणका मोडल्यावर तेवढ्याने भागत नाही. हाडांची झीज थांबवणारी औषधे वेगळी. ॲलेंड्रोनेट हे औषध गेली तीस वर्षे वापरात आहे आणि त्याची गोळी आता आठवड्यातून एकदा घ्यायची असते. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आधीच मणका मोडलेल्या स्त्रियांना हे औषध दिले, तेव्हा तीन वर्षांत नवा मणका मोडण्याचे प्रमाण 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आले. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. ज्यांना गोळी सोसत नाही त्यांना वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक ॲसिड देतात. फार मोडतोड झालेल्यांना हाड नव्याने बांधणारी टेरिपॅराटाइडची रोजची इंजेक्शने असतात. कोणाला कोणते द्यायचे हे किडनीची तपासणी, दातांची स्थिती पाहून डॉक्टरच ठरवतील.

एक सूचना मात्र ठळकपणे द्यायची आहे. डेनोसुमॅब नावाचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यायचे असते. ते चांगले आहे, पण अर्धवट सोडण्यासारखे नाही. पैसे नाहीत म्हणून किंवा बरे वाटले म्हणून ते बंद केले की हाडांची झीज उसळी घेते आणि एकदम अनेक मणके मोडल्याची उदाहरणे आहेत. ते सुरू करण्याआधीच पुढचा खर्च झेपेल का, हे विचारावे. बंद करायचे झाले तर जागी दुसरे औषध लगेच हवे.

मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याचीही एक पद्धत आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत सिमेंट भरलेल्या आणि नुसतेच भरल्याचा आभास केलेल्या रुग्णांच्या वेदनेत फरक आढळला नाही. काही निवडक रुग्णांना, विशेषतः दुखणे ताजे आणि असह्य असताना, डॉक्टर ती सुचवतात. ते त्यांनी ठरवावे. पण सिमेंट एकाच मणक्यात जाते, रोग सगळ्या मणक्यांत राहतो. सिमेंट भरले म्हणून हाडांचे औषध टाळता येत नाही.

बरेच जण विचारतात, हाडांच्या घनतेची डेक्सा नावाची तपासणी आमच्या गावात होत नाही, मग काय करावे? किरकोळ धक्क्याने मणका मोडला असेल आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर तोच हाडे ठिसूळ असल्याचा पुरावा मानतात. बाजूने काढलेल्या साध्या एक्स-रेत तो दिसतो. एक मात्र लक्षात ठेवा. चेपलेला प्रत्येक मणका ठिसूळपणानेच चेपतो असे नाही. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आहे, कर्करोगही मणक्यात उतरतो. ताप येतो, वजन घटते, रात्री पाठ ठणकते, पायांतली ताकद जाते, लघवीवरचा ताबा सुटतो, यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नये.

आईला वर्षाचे इंजेक्शन सुरू आहे. नवा मणका मोडलेला नाही. गेलेली उंची परत आली नाही आणि येणारही नाही. पण ती आपल्या पायांनी विहारात जाते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात, गेल्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हा विचार नाकारला. दुःखाला कारण असते आणि कारण दूर करता येते, हे आपण विहारात ऐकतो. मग आपल्या आईच्या पाठीपाशीच आपण नशीब का आणतो? ती पाठ पाट्यांनी, उपासाने, बाळंतपणांनी आणि दुर्लक्षाने वाकली आहे. त्यांतले दुर्लक्ष आजपासून थांबवणे आपल्या हातात आहे.

आमच्या मंडळाने विहाराच्या भिंतीवर उंची मोजायची पट्टी चिकटवली आहे. दर वर्षी वैशाख पौर्णिमेला पन्नाशीपुढच्या प्रत्येकीची उंची वहीत लिहायची. टाचा भिंतीला लावून उभे राहिल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का, ते पाहायचे. तरुणपणीच्या मानाने उंची चार सेंटीमीटर घटली असेल तर एक्स-रेसाठी पाठवायचे. तरुणपणीची उंची कोणाला ठाऊक असते? म्हणून विचारायचे, नेहमीचा परकर जमिनीला लागू लागला का? या प्रश्नाला बायका लगेच उत्तर देतात. एवढ्या साध्या मोजणीतून काही जणींचे मोडलेले मणके सापडले आणि त्यांची औषधे सुरू झाली.

प्रत्येक विहारात हे काम होऊ शकते. लागते ती एक पट्टी, एक वही आणि वहीत नेमाने लिहिणारी एक मुलगी. आणि ज्यांच्या घरात एक मणका मोडल्याचे निदान झालेले आहे, त्यांनी पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना इतकेच विचारावे : दुसरा मोडू नये म्हणून काय देताय?

जयभीम!